ट्यूब प्रीअँप घ्यावा, पण पॉवर अँपला विचारून

नमस्कार,

मी डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारा डबा) थेट पॉवर अँपला (स्पीकर वाजवणाऱ्या अँप्लिफायरला) जोडून ऐकतो आणि आवाज डॅकवरूनच कमी-जास्त करतो. डॅकचं आउटपुट २ व्होल्ट. पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा, ६० वॅटचा. त्याच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी १ व्होल्ट आणि इनपुट इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १० किलोओहम असं लिहिलंय. तो स्पीकरांजवळ ठेवलाय, त्यामुळे केबल ५ मीटरची लागते. आता टर्नटेबल आणला, त्याचा फोनो स्टेज (तबकडीचा नाजूक सिग्नल वाढवणारा डबा) वेगळा आहे. पण दर वेळी मागे वाकून वायरी बदलाव्या लागतात. शिवाय आवाज मला कोरडा वाटतो. गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. म्हणून ट्यूब प्रीअँप घ्यायचं ठरवलं, म्हणजे पॉवर अँपच्या आधी बसणारा, स्रोत निवडणारा आणि काचेच्या ट्यूबवर चालणारा डबा.

तीन मनात आहेत. पहिला जुन्या ढंगाचा, सगळ्या १२एएक्स७ ट्यूबचा, दिसायला अप्रतिम, फोनो आतच, गेन (सिग्नलची वाढ) २० डेसिबल. आउटपुट इंपीडन्स कुठे दिलेला नाही. दुसरा साधा काळा डबा, १२एयू७ ट्यूब, गेन १० डेसिबल, आउटपुट इंपीडन्स ६०० ओहम. तिसरा तळहाताएवढा, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा, ट्यूब नारिंगी उजेडात झगमगतात. काका म्हणतात, पहिलाच घे आणि त्यात टेलिफंकन या जर्मन कंपनीच्या जुन्या ट्यूब घाल. काय करू?

ता. क. ट्यूब प्रीअँप कायम चालूच ठेवावा असं ऐकलं, ते खरं का?

– कोरड्या आवाजाला कंटाळलेला

*

दुसरा घ्या. पत्रात ज्याच्यावर तुम्ही सगळ्यात कमी शब्द खर्च केलेत, तो काळा डबा.

काकांचा राग ओढवून घेतोय याची कल्पना आहे. पण तुम्ही पत्रात नेमके आकडे दिलेत (असं करणारे वाचक फार कमी, त्याबद्दल मनापासून आभार), आणि तेच आकडे पहिल्या प्रीअँपच्या विरोधात साक्ष देताहेत.

आधी गेन बघू. तुमचा पॉवर अँप १ व्होल्टवर पूर्ण ६० वॅट देतो. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण २२ व्होल्ट. अँप आलेला सिग्नल सुमारे २२ पट करतो. आता घरात बसून आपण खरोखर किती वॅट ऐकतो? बहुतेक वेळ एक वॅट, त्याहूनही कमी. एक वॅटला स्पीकरवर २.८३ व्होल्ट पुरतात, आणि त्यासाठी पॉवर अँपच्या तोंडाशी ०.१३ व्होल्ट. तुमचा डॅक देतो २ व्होल्ट. म्हणजे प्रीअँप मध्ये नसतानाही सिग्नल सुमारे १५ पट जास्त आहे. तो वाढवायचा नाहीये, कमी करायचाय! त्यात २० डेसिबलचा प्रीअँप घातला की आधी दहापट वाढवायचं आणि मग नॉब फिरवून दीडशे पट खाली आणायचं. विहिरीतून मोटेने पाणी काढून परत विहिरीत ओतल्यासारखं.

यात नुसती उधळपट्टी असती तर मी काही बोललो नसतो. त्रास नॉबचा आहे. साध्या स्टीरिओ व्हॉल्यूम पोटमध्ये (नॉबमागच्या बदलत्या रोधात) डावा आणि उजवा असे दोन ट्रॅक एकाच दांड्यावर फिरतात, आणि अगदी सुरुवातीच्या भागात त्यांचं एकमेकांशी पटत नाही. तिथे एक बाजू दुसरीपेक्षा दोन-तीन डेसिबल मोठी असणं अजिबात दुर्मीळ नाही. जास्त गेनचा प्रीअँप तुम्हाला कायम त्याच भागात अडकवून ठेवतो. हे मी स्वतः भोगलंय. एकदा निव्वळ रूपावर भाळून एक प्रीअँप घरी आणला. नॉब घड्याळातल्या आठच्या जागेवरून साडेआठपर्यंत गेला की खोली दणाणायची, आणि रात्री हळू आवाजात ऐकायला बसलो की गायक हळूच डाव्या स्पीकरकडे सरकायचा. दोन महिने मी माझ्या उजव्या कानाला दोष देत होतो.

दुसऱ्या प्रीअँपचा १० डेसिबल गेन म्हणजे सव्वातीनपट. तोही तुमच्या गरजेपेक्षा जास्तच, पण नॉबला पहिल्यापेक्षा जास्त मोकळीक मिळेल आणि हात सैल राहील. टर्नटेबलच्या बाजूने एखादी हळू आवाजात कोरलेली तबकडी लागली तर तो थोडा गेन उपयोगीही पडेल.

पहिल्याचा गेन इतका का, तर त्याचा साचा वेगळ्या काळातला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरचा प्रसिद्ध मरांट्झ ७ घ्या. त्यात सहाच्या सहा ट्यूब १२एएक्स७ होत्या. तेव्हा २ व्होल्ट देणारा सीडी प्लेअर नव्हता, तो आला १९८२ मध्ये. ट्यूनर आणि टेपरेकॉर्डर त्या मानाने पुष्कळ दुबळा सिग्नल द्यायचे, त्यामुळे भरपूर गेन ही गरज होती. आणि पुढचा पॉवर अँपही ट्यूबचाच असायचा, त्याचा इनपुट इंपीडन्स लाखांच्या घरात. तुमचा आहे १० हजार.

खरं घोडं पेंड खातं ते इथे.

१२एएक्स७ ही फार गुणी ट्यूब. ती शंभरपटीची, म्हणजे तिचा वर्धनांक १०० आहे. १२एयू७ चा जेमतेम २०. पण या गुणाची किंमत तिच्या आतल्या रोधात मोजावी लागते. १२एएक्स७ चा प्लेट रेझिस्टन्स (प्लेट म्हणजे ट्यूबमधलं सिग्नल बाहेर देणारं टोक) ६० हजार ओहमच्या पुढे, १२एयू७ चा ७-८ हजारांच्या आसपास. सिग्नल थेट १२एएक्स७ च्या प्लेटवरून बाहेर काढला असेल, तर नेहमीच्या जोडणीत आउटपुट इंपीडन्स ४० हजार ओहमच्या जवळ जातो. त्यापुढे १० हजारांचा पॉवर अँप लावला की पाचपैकी चार हिस्से सिग्नल प्रीअँपच्या आतच विरतो, ट्यूबवर नको इतका भार पडतो आणि विकृती वाढते. वर ५ मीटरची केबल. साध्या केबलची कॅपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, म्हणजे तुमची ५००. मोठ्या इंपीडन्सपुढे एवढी कॅपॅसिटन्स वरचे सूर खायला लागते.

चांगल्या रचनेत हे टाळण्यासाठी शेवटी कॅथोड फॉलोअर घालतात. त्यात ट्यूब व्होल्टेज वाढवत नाही, फक्त पुढचं ओझं उचलते, आणि आउटपुट इंपीडन्स काही शे ओहमवर येतो. तुमच्या काळ्या डब्याचे ६०० ओहम मला त्याचीच खूण वाटतात. पहिल्यातही कॅथोड फॉलोअर असेल कदाचित, मरांट्झमध्ये होता. पण आकडा छापलेला नाही, म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा. ढोबळ नियम असा की पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स प्रीअँपच्या आउटपुट इंपीडन्सच्या निदान दहापट असावा. तुमच्याकडे १० हजार, म्हणजे प्रीअँप १ हजार ओहमच्या आत हवा. सहाशे चालतील. ‘काळजी करू नका, सगळ्यांबरोबर चालतो’ असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका.

आणि त्याच फोनमध्ये दुसरा प्रश्न विचारा: आउटपुटचा कपलिंग कॅपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा? हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही आणि तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात मोलाचा. ट्यूबच्या प्लेटवर शंभर-दोनशे व्होल्ट डीसी असतो, फॉलोअरच्या कॅथोडवरही बऱ्याचदा तसाच. तो पॉवर अँपमध्ये घुसू नये म्हणून बाहेर पडताना एक कॅपॅसिटर लावतात. हा कॅपॅसिटर आणि पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स मिळून खालच्या सुरांना एक गाळणी लागते. जुन्या ढंगाच्या रचनेत ०.४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असू शकतो. पुढे १०० किलोओहम असेल तर गाळणी साडेतीन हर्ट्झच्या खाली, कानाला पत्ताही नाही. पुढे तुमचे १० किलोओहम असतील तर तीच गाळणी ३४ हर्ट्झवर येऊन बसते. बासची मुळंच छाटली जातात. आणि बास गेला की कानाला काय वाटतं? आवाज कोरडा झाला! म्हणजे ज्या दुखण्यावर औषध म्हणून ट्यूब आणायची, तेच दुखणं घरी घेऊन यायचं. दुसऱ्या प्रीअँपमध्येही हा आकडा विचाराच. २.२ मायक्रोफॅरड किंवा जास्त असेल तर गाळणी ७ हर्ट्झच्या आसपास राहते, मग निश्चिंत व्हा.

पहिल्यातल्या आतल्या फोनोचा मोह मला समजतो. पण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल असतो ३ ते ५ मिलिव्होल्टचा. त्याला आधी सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट वाढवावं लागतं आणि वर आरआयएए या तबकड्यांसाठी ठरलेल्या वक्राप्रमाणे खालचे सूर उचलून वरचे दाबावे लागतात. इतक्या नाजूक सिग्नलवर ट्यूबची सळसळ आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आवरणं हे कसबी माणसाचं काम. तुमचा वेगळा फोनो स्टेज बरा चाललाय ना? मग तो राहू द्या आणि प्रीअँपच्या साध्या इनपुटला जोडा.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. ट्यूबचा हीटर तापल्यावर मंद, निखाऱ्यासारखा दिसतो, आणि १२एएक्स७ सारख्या छोट्या ट्यूबमध्ये तर अंधार केल्याशिवाय नीट दिसतही नाही. झगमगीत नारिंगी उजेड दिसला की सॉकेटच्या पोटात एलईडी आहे हे समजून घ्या. तो काही गुन्हा नाही. मुद्दा प्लेटवरच्या व्होल्टेजचा. काही अडॅप्टरवाल्या डब्यांत आत कन्व्हर्टर असतो आणि तो व्होल्टेज व्यवस्थित वर चढवतो. काहींत मात्र ट्यूबला वीस-तीस व्होल्टवर उपाशी ठेवतात, ती धड चालतही नाही आणि खरं काम शेजारची आयसी करते. असा डबा शोभेला बरा.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो, आणि इथे तुम्हाला थोडं नाराज करणार आहे. ‘स’ आणि ‘श’ टोचणं हे प्रीअँप नसल्यामुळे होत नाही. नीट बनवलेला ट्यूब प्रीअँप २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत सपाट असतो, तो ‘स’ची धार घासून देत नाही. ती धार बहुतेक वेळा स्पीकर आणि खोलीतून येते: उघडी फरशी, समोर काच, ट्वीटर थेट कानावर रोखलेला. स्पीकर आणि तुमच्या खुर्चीच्या मधे जाड सतरंजी टाका, काचेवर पडदा ओढा, स्पीकर थोडे बाहेरच्या बाजूला वळवा आणि आठवडाभर ऐका. तबकडीवरच टोचत असेल आणि डॅकवर नसेल, तर कार्ट्रिजची जुळणी आणि सुईची झीज तपासा. हे न करता प्रीअँप आणणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग ट्यूब काहीच करत नाही का? करते, पण तिची चव सूक्ष्म असते. एकट्या ट्रायोडची (अशा साध्या ट्यूबची) विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांच्या स्वराची. संगीताच्या भाषेत, मध्य षड्ज वाजला की त्याच्यामागे अगदी पुसटसा तार षड्ज उभा राहतो. तिसरा हार्मोनिक म्हणजे तार सप्तकातला पंचम. दोन्ही मुळात तंबोऱ्यातून ऐकू येणारेच स्वर, म्हणून ते खुपत नाहीत. आवाज थोडा भरल्यासारखा, गोलाई आल्यासारखा वाटतो. सातवा हार्मोनिक मात्र धैवत आणि कोमल निषाद यांच्या अधेमधे कुठेतरी पडतो, तो खरा खुपणारा. चांगल्या ट्यूब स्टेजमध्ये असले वरचे हार्मोनिक्स नगण्य असतात. पण हेही ऐका: तुम्हाला लागणाऱ्या व्होल्टच्या दशांश-दोन दशांशाला चांगल्या प्रीअँपमध्ये दुसरा हार्मोनिकही फार थोडाच असतो. काहींना तो फरक मोहवतो, काहींना जाणवतच नाही. तुम्ही कुठल्या गटात आहात हे मी इथे बसून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

म्हणून विकत घेण्याआधी तो डबा आठ-दहा दिवस घरी मागून आणा, आणि तुलना करताना आवाजाची पातळी जुळवा. एक डेसिबल मोठा वाजणारा डबा मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. भल्याभल्यांना यातच फसताना पाहिलंय. रीत सोपी: १०० हर्ट्झचा टोन लावा, साधा मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर वाचन घ्या. डॅक थेट जोडल्यावर जो आकडा येईल, तोच प्रीअँपमधून आणा, शंभरात एकाहून जास्त फरक नको. टोन १०० चाच, कारण साधे मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचे आकडे दाखवतात. मग वायरी बदलण्याचं काम दुसऱ्या कुणाला सांगा आणि तुम्ही पाठ करून ऐका. काकांनाच बसवा बदलायला, तेही थोडे शांत होतील.

त्याच दिवसांत आणखी दोन गोष्टी तपासा. गाणं बंद, नॉब नेहमीच्या जागेवर, कान ट्वीटरजवळ. बारीक सळसळ चालेल, पण ती तुमच्या खुर्चीपर्यंत पोहोचत असेल तर नाही. गुणगुण असेल तर इनपुटच्या सगळ्या वायरी काढून बघा. थांबली तर दोष बहुधा ग्राउंड लूपचा (उपकरणांच्या अर्थिंगच्या तारांनी झालेल्या वेटोळ्याचा), डब्याचा नाही. दुसरं, पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने ट्यूबवर हलकेच टकटक करा. थोडा आवाज स्पीकरमधून येतोच. घंटेसारखा घुमत राहिला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, बदलून मागा. म्हणूनच प्रीअँप स्पीकरच्या अंगाला लागून ठेवू नका.

जुन्या टेलिफंकन ट्यूब सुंदर असतात, काकांशी भांडण नाही. पण अस्सल कमी आणि छाप बदललेल्या जास्त, अशी आज गत आहे. अस्सल नऊ पिनांच्या टेलिफंकनच्या तळाशी, पिनांच्या मधे काचेत उमटलेला छोटा चौकटचा आकार असतो. नुसत्या बाहेरच्या छापाईवर विश्वास ठेवू नका. आणि अशी जोडी प्रीअँपहून महाग पडली तर नाकापेक्षा मोती जड. आज स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथे नव्या ट्यूब बनतात, त्यांवर वर्षभर ऐका. मग वाटलं तर बदला. एकच सांभाळा: १२एयू७ च्या जागी १२एएक्स७ सॉकेटमध्ये बसते, म्हणून ती तिथे चालते असं नाही, गेन आणि बायस (ट्यूबची कामाची बैठक) दोन्ही बिघडतात. ६डीजे८ तर मुळीच घालू नका, तिच्या हीटरची जोडणीच निराळी. १२एयू७ आणि ईसीसी८२ ही मात्र एकाच ट्यूबची दोन नावं, तिथे गोंधळू नका.

चालू करताना प्रीअँप आधी, अर्ध्या-एक मिनिटाने पॉवर अँप. बंद करताना पॉवर अँप आधी. ट्यूब तापताना आउटपुटवर मोठा धक्का येऊ शकतो आणि तो पॉवर अँपमधून गेला तर वूफर दचकतो. काही प्रीअँपमध्ये सुरुवातीला आउटपुट बंद ठेवणारी रिले असते. काळ्या डब्यात आहे का ते विचारा, असली तरी क्रम पाळा. आणि झाकण उघडून आत बघायची हौस आवरा. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही कॅपॅसिटर ते धरून बसतात.

तुमच्या ताज्या कलमाबद्दल: नाही, कायम चालू ठेवायची गरज नाही. ट्यूबचं आयुष्य हजारो तासांचं असलं तरी मोजकंच, आणि वर्षात तास ८७६०. ऐकायच्या वीस मिनिटं आधी लावा, उठताना बंद करा. सतरंजीचा प्रयोग झाला की काय ऐकू आलं ते कळवा. प्रीअँपचं नंतर कळवलंत तरी चालेल.